सड्यावरचे प्रजातिवैविध्य कसे मोजावे? : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : सड्यावर (खडकाळ पठारावर) आखलेल्या आमच्या दोन चौकटींत प्रत्येकी १०० रोपे आणि त्याच चार प्रजाती आढळल्या. मग दोन्हींचे वैविध्य सारखेच मानावे का?

रोपांची वाटणी पाहिल्याशिवाय तसे मानू नये. एका चौकटीत गेंद, तेरडा, सोनकी आणि सीतेची आसवे यांची प्रत्येकी २५ रोपे असतील आणि दुसरीत एकट्या गेंदाची ९७ व बाकीच्यांचे एकेकच रोप असेल, तर नैसर्गिक लॉगरिदमने काढलेला शॅनन निर्देशांक (प्रजातींची संख्या आणि त्यांतील रोपांची वाटणी एकत्र मोजणारा आकडा) पहिलीत १.३९ आणि दुसरीत ०.१७ येतो. मात्र या आकड्यांवरून सडा डोळ्यांपुढे उभा राहत नाही. म्हणून e या संख्येचा (नैसर्गिक लॉगरिदमचा पाया, सुमारे २.७१८) त्या निर्देशांकाइतका घात काढावा. पहिल्या चौकटीसाठी उत्तर ४ येते आणि दुसरीसाठी जेमतेम १.१८, म्हणजे दुसरी चौकट जवळपास एकाच प्रजातीची ठरते. या ‘प्रभावी प्रजातिसंख्ये’ची एकसंध मांडणी परिसंस्थाशास्त्रज्ञ मार्क हिल यांनी १९७३ मध्ये केली. नुसती प्रजातिसंख्या, शॅनन आणि सिम्पसन (बहुसंख्य प्रजातींना अधिक वजन देणारा निर्देशांक) हे तिन्ही आकडे तिच्यात एकाच मापाने वाचता येतात, त्यामुळे अहवालात ते तिन्ही द्यावेत, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

प्रश्न : शेजारच्या गटाचा शॅनन निर्देशांक आमच्यापेक्षा बराच जास्त आहे. त्यांचा सडा अधिक समृद्ध म्हणावा का?

आधी लॉगरिदमचा पाया विचारा; तो वेगळा असेल, तर आकड्यांची थेट तुलना करता येत नाही. वरच्या पहिल्याच चौकटीचा निर्देशांक २ हा पाया घेतल्यास १.३९ऐवजी २ येतो.

प्रश्न : आम्हाला ३० प्रजाती मिळाल्या. आणखी किती राहिल्या असतील?

एकदाच आणि दोनदाच दिसलेल्या प्रजाती मोजा. समजा, त्या अनुक्रमे ८ आणि ४ आहेत. संख्याशास्त्रज्ञ अ‍ॅन चाओ यांच्या सूत्रानुसार ८ च्या वर्गाला ४ च्या दुपटीने भागले की ८ येतात; म्हणजे न दिसलेल्या किमान ८ धरून तिथे किमान ३८ प्रजाती असाव्यात. हा अंदाज त्या भेटीपुरताच धरावा, कारण जुलैत फुललेला सडा सप्टेंबरात पुरता बदललेला असतो.

प्रश्न : निर्देशांक वाढला, म्हणजे संवर्धन यशस्वी झाले का?

रस्त्याकडेने गाजरगवत आणि रानमोडी शिरली तरी निर्देशांक वाढू शकतो आणि त्याच वेळी एखादे कंदीलपुष्प नाहीसे झाले, तर त्या आकड्यात ते जेमतेमच जाणवते. सूत्राला फक्त संख्या कळते, प्रजाती कोणती हे कळत नाही. म्हणून प्रत्येक आकड्याबरोबर प्रजातींची नावानिशी यादी जोडावी आणि तीत प्रदेशनिष्ठ व बाहेरून आलेल्या प्रजाती वेगळ्या दाखवाव्यात.