पत्रास उत्तर : डीएमएलटी, फिजिओ, एक्स-रे आणि नोंदणीचा क्रमांक

मागच्या अंकात डॉक्टर-नर्स सोडून दवाखान्यातल्या बाकीच्या माणसांविषयी प्रश्न मागवले होते. पत्रं भरपूर आली. माझा जन्म सरकारी रुग्णालयाच्या लॅबमध्ये गेला, त्यामुळे उत्तरं थोडी लॅबकडे झुकतील. चालवून घ्या.

मुलगी बारावी सायन्स झाली, नीटला मार्क कमी पडले. तालुक्याला एका इन्स्टिट्यूटचा बोर्ड आहे : ‘एका वर्षात डीएमएलटी, शासनमान्य, नोकरीची शंभर टक्के हमी’. फी साठ हजार. घालावं का?
– एक पालक, बार्शी

दादा, डीएमएलटी म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा. आधी मान्यतेचं पत्र बघायला मागा. कुठल्या विद्यापीठाची किंवा परिषदेची मान्यता, कुठल्या अभ्यासक्रमाला, कुठल्या वर्षापर्यंत, हे त्यावर लिहिलेलं असतं. अशा ठिकाणी बहुतेक वेळा पुढे येतो तो संस्था नोंदणीचा दाखला, नाहीतर आयएसओचं रंगीत सर्टिफिकेट. संस्था नोंदणी तुमच्या गल्लीतल्या गणेश मंडळालाही मिळते. म्हणून मंडळ काही रक्त तपासायला बसत नाही.

आता कायदा. २०२१ साली संसदेने अलाइड आणि हेल्थकेअर व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला. लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर, डोळे तपासणारे ऑप्टोमेट्रिस्ट, फिजिओ, आहारतज्ज्ञ असे कितीतरी व्यवसाय त्यात पहिल्यांदा एका छताखाली आले. अलाइड हेल्थ प्रोफेशनल म्हणायचं तर डिप्लोमा किंवा पदवी किमान २००० तासांची हवी आणि ती दोन ते चार वर्षांत पसरलेली हवी, असं त्यात स्पष्ट आहे. रोजचे चार तास आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरा. २००० तासांना वीस महिने लागतात. बोर्डावरचं एक वर्ष या हिशोबात बसवून दाखवा, असं त्या सरांनाच सांगा.

मुलीचे बारावीला जीवशास्त्राचे मार्क बरे असतील तर नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचा बीपीएमटी, म्हणजे परावैद्यक तंत्रज्ञानाची पदवी, बघा. तीन वर्षं आणि वर एक वर्षाची इंटर्नशिप. त्यात लॅब, रेडिओग्राफी, कॅथलॅब, अ‍ॅनेस्थेशिया, ऑपरेशन थिएटर अशा शाखा आहेत आणि सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांतही हा अभ्यासक्रम चालतो. तिथे शिकवायला वेळ कमी पडेल, पण पेशंट कमी पडणार नाहीत. पत्राने किंवा ऑनलाइन डिग्रीच्या जाहिराती अजून फिरतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून या कायद्याखालच्या विषयांचे असे अभ्यासक्रम बंद केले आहेत, तेव्हा तिकडे वळूच नका.

आणि एक करा. प्रवेश घ्यायच्या आधी त्या कॉलेजात मुलीला बरोबर घेऊन जा, ऑफिसात नव्हे, मागच्या बाजूला जिथे पोरं उभी असतात तिथे. दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा, या आठवड्यात स्वतःच्या हाताने किती जणांचं रक्त काढलं? ‘सर दाखवतात’ असं उत्तर आलं तर चहा पिऊन परत या.

मी डीएमएलटी. बारा वर्षं शहरात एका पॅथॉलॉजिस्टकडे काम केलं. आता गावी स्वतःची लॅब टाकतोय. साधे रिपोर्ट मी सही करून दिले तर चालेल ना? सगळेच देतात.
– लॅब टेक्निशियन, सांगली जिल्हा

नाही चालणार. १२ डिसेंबर २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या प्रकरणात हा विषय मिटवला आहे. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीत पदव्युत्तर शिक्षण झालेल्या नोंदणीकृत डॉक्टरचीच. दुसरी पळवाटही तुमच्या कानावर आली असेल : पुण्यातल्या डॉक्टरची स्कॅन केलेली सही महिन्याच्या बोलीवर घ्यायची आणि इकडे धडाधड प्रिंट काढायच्या. त्या डॉक्टरने ती स्लाइड कधी पाहिलेली नसते. उद्या काही झालं तर दोघेही अडकतात, आणि गावात तोंड दाखवायचं असतं ते तुम्हाला.

यावर आमच्यातले बरेच जण चिडतात. काम सगळं आम्ही करायचं आणि सही त्यांची? राग मला कळतो, पण मागणी पटत नाही. सही हे वेगळं काम आहे, आपलं वेगळं, आणि आपलं काही हलकं नाही. एक प्रसंग सांगते. दुपारच्या बॅचमध्ये एका बाईंचं पोटॅशियम आलं ९.१. साडेपाचच्या वर गेलं की आम्ही सावध होतो. नवाला माणसाचं हृदय कधीही थांबू शकतं. मशीनवरची मुलगी फोनकडे धावली. मी म्हटलं, आधी कॅल्शियम बघ. ते आलं ३.२, म्हणजे नेहमीच्या साडेआठ-दहाच्या निम्म्याहून कमी. आणि वॉर्डात त्या बाई कॉटवर बसून लेकीशी गप्पा मारत होत्या.

जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त गोठू नये म्हणून पोटॅशियम ईडीटीए असतं. ते कॅल्शियम बांधून टाकतं, आणि त्यातलं पोटॅशियम आकड्यात मिसळतं. लाल झाकणाच्या नळीत रक्त कमी पडलं म्हणून कुणीतरी जांभळीतलं थोडं तिच्यात ओतलं होतं. दोन आकडे शेजारी ठेवले की चोरी उघडी पडते. आम्ही वॉर्डात कळवलं, नवीन नमुना मागवला, पोटॅशियम ४.३. पहिला आकडा तसाच गेला असता तर त्या बाईंना ते उतरवायची इंजेक्शनं लागली असती, अंगात काही नसताना.

हे पकडणं सही करणाऱ्याच्या टेबलापर्यंत पोचायच्या आधी व्हायला हवं, आणि ते टेक्निशियनच करतो. फुटलेल्या पेशींचा गुलाबी सीरम, सलाइन चालू असलेल्या हातातून काढलेलं पाणचट रक्त, नाव एकाचं आणि नमुना दुसऱ्याचा, हे सगळं आपल्या डोळ्यांचं काम. तेव्हा लॅब जरूर टाका. जिल्ह्यातला एखादा पॅथॉलॉजिस्ट खरोखर येऊन बसेल अशी वेळ ठरवा, त्याचे पैसे खर्चात धरा आणि तुमचं नाव महाराष्ट्र परावैद्यक परिषदेकडे नोंदवलेलं नसेल तर आधी ते करा. २०११ च्या कायद्याने ती आपल्यासाठीच झाली आहे.

आईला उजव्या बाजूचा लकवा झाला. फिजिओथेरपिस्ट घरी येतात, आई आता काठीने चालते. डॉक्टर म्हणाले ऑक्युपेशनल थेरपी पण द्या. हा दुसरा खर्च कशासाठी? आणि घरी येणारे स्वतःला डॉक्टर म्हणवतात, ते बरोबर आहे का?
– एक मुलगी, डोंबिवली

ताई, आई चालते, पण स्वतःचं पोलकं घालते का? वेणी, दात घासणं, ताटातला भात डाव्या हाताने कालवणं, नळ फिरवणं? ऑक्युपेशनल थेरपिस्ट तिथे लागतो. तो तुमच्या मोरीत येऊन बघेल, धरायला दांडी कुठे बसवायची ते सांगेल, चमच्याची मूठ जाड करून देईल, हुकांच्या जागी वेलक्रो लावायला सुचवेल. फिजिओ ताकद, तोल आणि चाल परत आणतो. हा त्यातून दिवस उभा करून देतो. दोघांची कामं एकमेकांत थोडी शिरतात, पण एकावर भागत नाही. रोज नको, आठवड्यातून एकदा बोलवा आणि शिकवलेलं घरातल्या माणसांनी करून घ्या. खर्च तेवढा आटोक्यात राहील.

या विषयाचं पहिलं विद्यालय आपल्या परळच्या केईएममध्ये १९५० साली निघालं. काढणाऱ्या कमला निंबकर जन्माने अमेरिकन, लग्नाने मराठी. मुंबईतच सुरू झालेला हा व्यवसाय मुंबईच्या शेजारी राहणाऱ्यांना अजून समजावून सांगावा लागतो, याचं मला नवल वाटतं.

डॉक्टर म्हणवण्यावरून वाद चालू आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने फिजिओंनी ‘डॉ.’ लावू नये असं पत्र काढलं आणि लगेच मागेही घेतलं. तुम्ही त्या वादात पडू नका. महाराष्ट्रात फिजिओ आणि ऑक्युपेशनल थेरपी यांची २००२ च्या कायद्याने वेगळी परिषद आहे. तिच्याकडचा नोंदणी क्रमांक विचारा. सरळ माणूस विचारल्याबरोबर सांगतो. आणि घरी येणारा कुणीही आईच्या रक्तदाबाच्या गोळ्या बदलायला लागला, तर मात्र त्याला थांबवा.

मुलगा अडीच वर्षांचा, अजून बोलत नाही. ओळखीतल्या बाईंनी ऑनलाइन कोर्स केलाय, त्या स्पीच थेरपी देतात. पाठवू का?
– नगर

आधी कानाची तपासणी, बाकी सगळं नंतर. ऐकूच येत नसेल तर बोलायला शिकवून काय उपयोग? लहान मुलांची बेरा नावाची तपासणी झोपेत होते, ऑडिओलॉजिस्ट करतो. वाचा आणि श्रवण हा विषय १९९२ च्या भारतीय पुनर्वसन परिषद कायद्याखाली येतो, तेव्हा थेरपिस्टकडे त्या परिषदेचा क्रमांक हवा. मुंबईला जाणं जमत असेल तर वांद्र्याची अली यावर जंग संस्था केंद्र सरकारची आहे. वाट बघू नका, ‘बाबाही उशिरा बोलला होता’ हे सासूबाईंचं म्हणणं असू द्या.

एक्स-रे विभागात नोकरी लागली. घरचे म्हणतात सोड, पुढे मूल होणार नाही.
– रेडिओग्राफर मुलगी, लातूर

सोडू नकोस. बॅज माग. अंगावर किती किरणं पडली ते मोजणारा टीएलडी बॅज छातीवर, शिशाच्या अ‍ॅप्रनच्या आत लावायचा. तो दर तीन महिन्यांनी तपासायला जातो आणि तुझ्या नावावर आकडा येतो. वर्षाला ३० मिलिसिव्हर्ट (किरणांच्या मात्रेचं माप) आणि पाच वर्षांत मिळून १०० ही मर्यादा अणुऊर्जा नियामक मंडळाने घातली आहे. नीट काम करणाऱ्यांचे आकडे तिच्या आसपासही जात नाहीत. स्विच बंद झाला की एक्स-रे संपला, तो खोलीत साठून राहत नाही. वॉर्डात मोबाइल मशीन नेशील तेव्हा लांब उभी राहा; अंतर दुप्पट झालं की मात्रा एक चतुर्थांश होते. पेशंटला धरायला तू जाऊ नकोस, नातेवाइकाला अ‍ॅप्रन घालून उभं कर. दिवस राहिले तर त्याच दिवशी इन्चार्जला लेखी कळव. पुढे पोटातल्या बाळासाठी १ मिलिसिव्हर्टची वेगळी मर्यादा लागू होते आणि त्याप्रमाणे तुझं काम बदलून द्यावं लागतं.

बॅज कपाटात ‘सांभाळून’ ठेवणारे विभागप्रमुख मी पाहिलेत. तसा कुणी भेटला तर तीन महिन्यांचा आपला आकडा त्याच्याकडे लेखी माग.

भाऊ डी. फार्म (औषधनिर्माणाचा डिप्लोमा), बहीण जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा). अलाइड-हेल्थकेअरच्या नव्या आयोगाकडे पुन्हा नोंदणी लागेल का?
– बीड

नाही. फार्मासिस्टचा कायदा १९४८ पासून वेगळा आहे आणि नर्सेसचं रजिस्टर नर्सिंग कौन्सिलकडे. बहिणीच्या नोंदणीच्या नूतनीकरणाची तारीख मात्र आजच बघून ठेवा.