'सॅडलबॅक' हे एकच नाव डोंगरालाही आणि पक्ष्यालाही कसे?

इंग्लंडमधील एका डोंगराला आणि न्यूझीलंडमधील एका पक्ष्याला 'सॅडलबॅक', म्हणजे खोगीरपाठ्या, हे एकच नाव कसे पडले, असे आपण विचारले आहे. दोन्ही नावे खोगिरावरूनच आली आहेत. मात्र डोंगराचा आकार खोगिरासारखा आहे, तर पक्ष्याच्या पाठीवर ते केवळ रंगाने उमटले आहे.

माथेरानला भाड्याच्या घोड्यावर बसण्यापूर्वी मी त्याचे जीन बाजूने निरखून पाहिले होते. पुढे आणि मागे उंचवटा, मध्ये बैठकीचा खोलगट भाग आणि तेथूनच दोन्ही अंगांना घोड्याच्या पोटाकडे जाणारा उतार, अशी त्याची घडण असते. दोन शिखरांना जोडणाऱ्या धारेवरही नेमके असेच असते. लेक डिस्ट्रिक्टमधील ८६८ मीटर उंचीचा ब्लेनकॅथ्रा पूर्वेकडून तसा दिसतो, म्हणून तो सॅडलबॅक. आपण अशा जागेला खिंड म्हणतो, पण तो शब्द डोंगर ओलांडणाऱ्याचा आहे; त्याला वाट दिसते, पाठीचा बाक नव्हे. एव्हरेस्ट आणि ल्होत्से यांच्यामधील 'साउथ कोल' आकाराने खोगीरच आहे, परंतु 'कोल' हा शब्द मानेसाठीच्या लॅटिन शब्दावरून आलेला आहे.

पक्ष्याचे माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ रहिवाशांच्या भाषेतील, नाव टिएके. अंग काळेभोर, पाठीवर तांबूस-तपकिरी पट्टा आणि चोचीच्या मुळाशी लोंबणारे नारिंगी मांसल पदर. माओरी कथेनुसार सूर्याशी झुंजून तहानलेल्या माउई या पौराणिक वीराने टिएकेकडे पाणी मागितले, त्याने ते आणले नाही, तेव्हा माउईने तापलेल्या हाताने त्याला धरले आणि पाठ होरपळली. मला ही कथा खोगिरापेक्षा अधिक पटते, कारण तो रंग खरोखरच करपल्यासारखा आहे. दक्षिणेकडील जातीच्या पिल्लांना मात्र हा पट्टा नसतो. ती सबंध तपकिरी असल्यामुळे त्यांना एके काळी वेगळीच जात मानले गेले होते. याच जातीच्या अखेरच्या बेटावर उंदीर शिरल्यावर १९६४ मध्ये ३६ पक्षी हलवण्यात आले आणि त्यामुळेच ती वाचली.

एक उदाहरण आपल्याकडचेही आहे. आफ्रिकेतील एका करकोच्याच्या चोचीवर खोगिरासारखा पिवळा भाग असतो, म्हणून त्याच्या शास्त्रीय नावातील पहिला शब्द 'एफिपिओरिंकस', म्हणजे ग्रीकमध्ये खोगीरचोच्या. भारतातील काळ्या मानेचा करकोचा त्याचा जवळचा नातलग असल्यामुळे तोच शब्द त्यालाही लागला आहे, जरी त्याची चोच सबंध काळीच असली तरी.