पेटीवर हॉरेस सिल्व्हर

प्रश्न : आमच्याकडे पेटी, तबला, कीबोर्ड आणि मिरजेचा तानपुरा आहे. हॉरेस सिल्व्हर या जॅझ पियानोवादकाच्या ‘साँग फॉर माय फादर’ अल्बममधली शीर्षकधून बसवतोय. केरवा धरला की ठेका जमतो, पण धून परत कुठे सुरू होते तेच चुकतं. पेटीवर कॉर्ड, म्हणजे तीन-चार स्वर एकदम, दाबले की गोंगाट होतो. मागे तानपुरा लावावा का?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ठेका बरोबर आहे. ही धून बोसा नोव्हा या ब्राझिलियन प्रकाराच्या सरळ चालीची, त्यात स्विंगचा हेलकावा नाही. गोची आहे मोजणीत. आपला कान चार ओळींच्या कडव्याला सरावलेला. इथे ओळी तीनच : पहिली, तीच पुन्हा, मग वेगळी. ओळीला केरव्याची चार आवर्तनं, म्हणजे बारा आवर्तनांत फेरा पुरा. तुम्ही चौथ्या ओळीची वाट बघत बसता आणि धून पुढे निघून जाते. एकल वादनही याच बारा आवर्तनांवर चालतं, तेव्हा तबलजीने बोटांवर मोजलेलं बरं.

सा म्हणजे पांढरी चार. पहिल्या ओळीतले कॉर्ड असे : सा चा एक आवर्तन, कोमल नी चा एक, कोमल ध चा अर्धं, प चा अर्धं, पुन्हा सा चा एक. खरं वजन बासचं, म्हणजे खालच्या जाड स्वरांचं : पहिल्या मात्रेवर सा, दुसरीच्या मध्यावर प, तिसरीवर पुन्हा प. पेटीवाल्याचा एक हात भात्यावर अडकलेला, म्हणून बास कीबोर्डच्या डाव्या हाताला द्या.

गोंगाटाचं कारण सोपं आहे. पियानोचा स्वर आपोआप विरतो, पेटीचा बोट उचलेपर्यंत ओरडतो. कपलर (एका पट्टीबरोबर दुसऱ्या सप्तकातली तीच पट्टी दाबणारी सोय) बंद ठेवा, तीनच स्वर धरा आणि लगेच सोडा. कोमल धैवताच्या कॉर्डला कीबोर्डवर काळी एक, पेटीवर पांढरी चार, काळी चार आणि पांढरी सात. ही पांढरी सात म्हणजे तीव्र मध्यम. सवयीने बोट शुद्ध मध्यमावर, काळी पाचवर जातं आणि सगळं मिळमिळीत होतं. सुरुवातीला एवढा एकच कॉर्ड घोटला तरी चालेल.

पेटी कीबोर्डशी कणभर बेसूर लागली तर पेटीच्या आतल्या रीड (धातूच्या स्वरपट्ट्या) खरवडत बसू नका, कीबोर्डचं फाइन ट्यूनिंग सरकवा.

तानपुरा नको. षड्ज चारही कॉर्डांखाली खपून जातो, पण कोमल धैवताच्या कॉर्डखाली पंचम घुमत राहिला की अर्ध्या स्वराची टक्कर होते. शिवाय काळी एकचा तानपुरा पांढरी चारपर्यंत ओढाल तर तार तुटेल.

प्रश्न : ‘साँग फॉर माय फादर’च्या मुखपृष्ठावरचे वयस्कर गृहस्थ सिल्व्हरच का? आणि सगळ्या धुनांत वादक तेच आहेत का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : ते त्यांचे वडील, मूळचे केप व्हर्दे बेटांवरचे. नावाची धून त्यांच्यासाठीच. वादक मात्र बदलतात. शीर्षकधून ऑक्टोबर 1964 ची, त्यात कार्मेल जोन्सचा ट्रम्पेट आणि जो हेंडरसनचा टेनर सॅक्सोफोन. ‘कॅलकटा क्यूटी’ ऑक्टोबर 1963 ची, जुन्या संचाची : ट्रम्पेटवर ब्लू मिचेल आणि सॅक्सोफोनवर ज्युनिअर कुक. ‘लोनली वुमन’मध्ये तर फुंकवाद्यंच नाहीत, पियानो, बास, ड्रम एवढंच. सिल्व्हरांचा डावा हात ऐकायचा असेल तर आधी तीच लावा.