वाडा पाडायचा की वापरायचा?

प्रश्न: सर, अमळनेरच्या जुन्या गावात आमचा सागवानी वाडा आहे, पुढे ओटा, मधे चौक, वर धाबं म्हणजे मातीचं सपाट छप्पर, मागची पडवी मात्र केव्हाच पडली. तिथे 12 रूमचं हॉटेल काढायचंय. इंजिनिअर म्हणतो सगळं पाडू, पुढून काच लावू. आबा काही ऐकत नाहीत. काय करू? (एक वाचक, अमळनेर)

उत्तर: भाऊ, आबांचं ऐका. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो, त्यात पश्चिमेला काच लावली की एसी दिवसरात्र चालू ठेवावा लागेल. माझ्या आजीचं एरंडोलला धाब्याचं घर होतं, दुपारी दोनला बाहेर पाय भाजायचे आणि आत भिंतीला पाठ टेकली की गारेगार, कारण कडीपाटावर, म्हणजे लाकडी कड्या-फळ्यांच्या छतावर, तो मातीचा जाड थर. ही गोष्ट तुमच्याकडे आयती आहे, ती पाडून परत विकत कशाला घ्यायची?

आता खरी अडचण बाथरूमची. धाब्याखालच्या खणांमध्ये, म्हणजे खांबांमधल्या जागांत, संडास-बाथरूम घुसवू नका, एक पाइप गळला तरी सागाच्या तुळईचं टोक आतून कुजतं आणि वरून काही कळतच नाही. मागे पडवीची जागा मोकळी आहे ना, तिथे नवं आरसीसी बांधा, बारा रूम, लिफ्ट, टाक्या सगळं तिकडेच. पुढच्या वाड्यात रिसेप्शन आणि जेवण, चौकात बसून पाहुणे कळण्याची भाकरी आणि भरीत खातील. उंची शेजारच्या घरांच्या वर जाऊ देऊ नका, एसीचे डबे गल्लीकडे नकोत. आणि नव्या भागाला फायबरच्या कमानी चिकटवू नका हो, नवं ते नवं दिसू द्या. जुन्या वास्तू जपण्यासाठीच्या 1964 च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेतही हेच आहे, भर जुन्याशी जुळावी पण वेगळी ओळखू यावी.

अहमदाबादला सिदी सैयद मशिदीच्या जाळीसमोर गिरणीमालक मंगलदास गिरधरदासांची 1924 ची हवेली आहे, आज तिथे हॉटेल चालतं, एकदा आबांना घेऊन जाऊन बघाच.

जुन्या विटांना सिमेंटचं प्लास्टर नको, ओल आत अडकते आणि क्षार फुटून पोपडे येतात, चुनाच वापरा. जवळपास केंद्राचं संरक्षित स्मारक असेल तर 100 मीटरात नवं बांधकाम होत नाही, पुढच्या 200 मीटरात परवानगी लागते, हे आधी तपासा. गल्लीत फायरची गाडी शिरेल का, तेही टेप घेऊन मोजा. आणि यंदाच्या पावसाआधी धाब्यावर माती टाकून घ्या, हॉटेल नंतर.