जुना ट्रक एक्सचेंजमध्ये देऊन नवा घेताना डीलरशी घासाघीस कशी करावी?

दोन्ही सौदे वेगळे ठेवा. आधी नव्या ट्रकची अंतिम किंमत लेखी घ्या, मगच जुन्याचा विषय काढा. एकत्र बोललात की डीलर जुन्याला चढा भाव देतो आणि नव्यावरची सूट तेवढीच गुपचूप कापतो. खिशातून जाणारा फरक किती, तेवढंच बघा.

डीलर विचारेल, "महिन्याला किती हप्ता झेपेल?" याचं उत्तर देऊच नका! मुदत लांबवली की हप्ता हलका दिसतो, एकूण व्याज मात्र वाढतं.

जुन्याचा भाव आधी दोन-तीन ठिकाणी काढून ठेवा. टायरची झीज, चासीवरचा (ट्रकच्या खालच्या लोखंडी सांगाड्यावरचा) गंज, इंजिनखालची तेलगळती हे दाखवून डीलर भाव पाडेल. तेव्हा सर्व्हिसच्या बिलांची फाइल समोर ठेवा, फार उपयोगी पडते. जमलं नाही तर सरळ उठून या.