जिनोम वाचून कोणतं अँटिबायोटिक चालेल हे सांगता येतं का?

तुमचे प्रश्न दोन आहेत. मामांच्या टीबीत सीबीनॅट या झटपट चाचणीवर ‘रिफॅम्पिसिन रेझिस्टंट’ (म्हणजे जंतू या औषधाला दाद देत नाही) आलंय आणि कल्चरला, म्हणजे जंतू लॅबमध्ये वाढवून बघायला, सहा आठवडे लागणार म्हणतात, तर तोवर जिनोम सिक्वेन्सिंगवरून, म्हणजे जंतूचा सगळा डीएनए वाचून, औषधं ठरवता येतील का? आणि येत असतील, तर आईला सारखं होणाऱ्या युरिन इन्फेक्शनसाठी हेच का करत नाहीत? मी मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये काम करतो, डॉक्टर नाही, एवढं लक्षात ठेवून वाचा.

टीबीसाठी उत्तर बऱ्यापैकी ‘हो’ आहे. हा जंतू शेजारपाजारच्या जंतूंकडून जनुकं उसनी घेत नाही. त्याचा रेझिस्टन्स त्याच्याच ४४ लाख अक्षरांच्या जिनोममधल्या बदलांतून येतो, त्यामुळे कुठे बघायचं ते ठाऊक असतं. सीबीनॅट किंवा तशीच गोव्यात बनणारी ट्रूनॅट चाचणी रिफॅम्पिसिनसाठी एकाच जनुकाचा छोटासा तुकडा तपासते. सिक्वेन्सिंग सगळंच वाचतं. २०१८ मध्ये १६ देशांतल्या १०,२०९ नमुन्यांचा अभ्यास आला. रिफॅम्पिसिन आणि आयसोनियाझिडला दाद न देणाऱ्या जंतूंपैकी ९७ टक्के त्यात नुसता जिनोम वाचून ओळखता आले. पायराझिनामाइड या टीबीच्याच औषधासाठी हाच आकडा ९१ होता. कोणत्या बदलाचा काय अर्थ लावायचा, याची यादी जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये काढली आणि २०२३ मध्ये सुधारली.

आयसोनियाझिडचंच बघा. हे औषध पोटात जातं तेव्हा निष्क्रिय असतं, त्याला कामाला लावतं जंतूचंच कॅट-जी नावाचं एन्झाइम. त्यात ३१५ व्या जागी बदल झाला की औषध जागंच होत नाही. बदल इन्ह-ए जनुकाच्या सुरुवातीला असेल तर रेझिस्टन्स बहुधा सौम्य असतो, डोस वाढवून डॉक्टर कधीकधी आयसोनियाझिड वापरतात. पण मग इथिओनामाइड हे टीबीचं दुसरं औषध हातचं जातं. कल्चरच्या रिपोर्टवर या दोन्हींसाठी एकच शब्द असतो: रेझिस्टंट.

बेडाक्विलिन या रेझिस्टंट टीबीच्या औषधापाशी मात्र गाडी अडते, आणि मामांना बहुधा तेच लागणार. त्याचे बदल एका जनुकात इथे-तिथे विखुरलेले असतात आणि बऱ्याच बदलांचा अर्थ अजून लागलेला नाही. हे जनुक औषध बाहेर फेकणाऱ्या पंपाला लगाम घालतं. ते बिघडलं की पंप सुसाट सुटतो. पण पंपाचंच जनुक मोडलेलं असेल, तर लगाम तुटूनही औषध चालतं! एकच ओळ वाचून निकाल दिला तर इथे हमखास फसगत.

आणखी एक, जे जाहिरातीत लिहीत नाहीत: पूर्ण जिनोमसाठी बहुतेक ठिकाणी आधी कल्चर वाढावंच लागतं, कारण बेडक्यात जंतूपेक्षा माणसाचाच डीएनए जास्त. ठरावीक जनुकंच वाचणारी टार्गेटेड चाचणी थेट बेडक्यावर होते. त्यामुळे खाजगीत पैसे भरण्याआधी नमुना कशाचा लागणार ते विचारा. त्याआधी एलपीए (ठरावीक जनुकांतले बदल पट्टीवर दाखवणारी चाचणी) झालीय का बघा. ती काही दिवसांत होते, सरकारी कार्यक्रमात मोफत असते, आणि वर सांगितलेला कॅट-जी की इन्ह-ए हा भेद त्यातही दिसतो. उपचार यातल्या कशासाठीही थांबवू नका.

आता आई. टीबीचा जंतू दुप्पट व्हायला वीसेक तास घेतो, युरिन इन्फेक्शनचा नेहमीचा जंतू ई. कोलाय वीस मिनिटं. म्हणजे साधं कल्चर-सेन्सिटिव्हिटी (जंतू वाढवून कोणतं औषध चालतं ते बघणं) दोन-तीन दिवसांत हातात येतं आणि सिक्वेन्सिंगने वेळ फारसा वाचत नाही. त्यात ई. कोलाय आणि त्याच्यासारखाच क्लेब्सिएला हा जंतू प्लाझ्मिडवरून, म्हणजे डीएनएच्या सुट्या कड्यांवरून, जनुकं सर्रास इकडून तिकडे नेतात. जनुक सापडतं पण गप्प बसलेलं असतं. किंवा ओळखीचं जनुक नसतानाही औषध आत शिरण्याची दारं बंद झालेली असतात. युरोपातल्या तज्ज्ञ समितीनेही २०१७ मध्ये हेच म्हटलं होतं, की नुसत्या जिनोमवरून उपचार ठरवण्याइतका पुरावा नाही. आयसीयूत एकच जंतू पेशंटमागून पेशंटला धरतोय का, हे शोधायला सिक्वेन्सिंग उत्तम. एका पेशंटच्या लघवीसाठी मला तरी तो खर्च पटत नाही.

त्यापेक्षा पुढच्या वेळी अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी नमुना द्या, मधल्या धारेचा, आणि तो तासा-दोन तासांत लॅबला पोचवा. ‘मिक्स्ड ग्रोथ’ (अनेक जंतू एकत्र वाढले) म्हणून आम्ही पुन्हा मागवतो ते नमुने बहुधा इथेच बिघडलेले असतात.