यूपीआय बंद करून फक्त रोखीने व्यवहार केले, तर पैशांची गोपनीयता आणि ताबा खरंच आपल्याकडे राहतो का?

तुम्ही लिहिलंय की यूपीआयमुळे सरकारला आपलं सगळं दिसतं, उद्या रोख बंद झाली तर कोणीही एका क्लिकवर आपले पैसे अडवेल, म्हणून ॲपच काढून टाकून नोटांवर यायचा तुमचा विचार आहे आणि त्यावरून घरचे तुम्हाला वेड्यात काढताहेत.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका नागरी सहकारी बँकेत काऊंटरवर बसते. तुम्हाला वेड्यात काढायचं काहीच कारण नाही. पण आपले व्यवहार पाहणारा आणि आपला पैसा अडवणारा माणूस म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर थेट दिल्ली येते. माझ्या अनुभवात तो बराच अलीकडे असतो, कित्येकदा त्याच घरात.

खातं उघडायच्या फॉर्मवर मोबाईल नंबरचा रकाना असतो. बाई फॉर्म घेऊन येते, सोबत नवरा नाहीतर मोठा मुलगा. रकान्याशी आलं की तो म्हणतो, "माझाच टाका, तिला मेसेजमधलं काय कळतंय." ती मान हलवते. त्या दहा आकड्यांवर पुढचं सगळं ठरतं. पैसे जमा झाले की मेसेज त्याला, काढले की त्याला, ओटीपी त्याला, आणि यूपीआय सुरू करायचं तर तेही त्याच्याच सिमवर. २०२४ साली लाडकी बहीण योजनेचे दीड दीड हजार जमा व्हायला लागले तेव्हा हा रकाना मला नव्याने दिसला. पैसे तिच्या नावावर, पण आल्याची वर्दी आधी त्याला. ती पासबुक भरायला शाखेत पोचते तोवर त्या पैशाचं काय करायचं हे घरात ठरूनही गेलेलं असतं. पाचशे काढायचे म्हटले तरी ती विचारते, "ताई, मेसेज जाईल का हो?" जातो. मी काय करणार? नंबर बदलायचा अर्ज देते. बहुतेकजणी तो घडी घालून पिशवीत ठेवतात आणि परत आणून देत नाहीत, कारण बदललेला नंबरही घरात कळणारच.

अशा बाईच्या दृष्टीने नोट ही साधी गोष्ट नाही. भाजीतून वाचवलेले वीस रुपये, शेळी विकून आलेल्यातले दोनशे, भावाने भाऊबिजेला दिलेले पाचशे, यांचा कुठेही मेसेज जात नाही. पिग्मीवाला, म्हणजे रोजची छोटी बचत घरोघरी गोळा करणारा एजंट, दुपारी गल्लीत येतो ती वेळसुद्धा काहीजणींनी नवरा कामावर असतानाची ठरवून दिलेली असते, आणि पिग्मीचं पुस्तक शेजारणीकडे असतं. आता पिग्मी एजंटच "क्यूआरवर टाका की" म्हणायला लागलेत. त्यांचा हिशेब सोपा होतो, तिची लपवायची जागा जाते.

८ नोव्हेंबर २०१६ च्या रात्री पाचशे आणि हजारच्या नोटा रद्द झाल्या तेव्हा बायकांनी असे पैसे लपवलेले डबे उघडे पडले. चार हजार, सात हजार, कोणाकडे वीस. नवऱ्याला न कळू देता साठवलेले पैसे बदलून आणायला नवऱ्यालाच सांगायची पाळी आली. काळा पैसा म्हणून जे शोधायला निघाले होते ते काही सापडलं नाही. रद्द झालेल्या नोटांपैकी ९९ टक्क्यांहून जास्त बँकांत परत आल्या, हे पुढे रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं. डाळीच्या डब्यातला पैसा मात्र नेमका सापडला.

तेव्हा रोखीची गोपनीयता ही काही श्रीमंतांची किंवा करबुडव्यांची चैन नाही, हे मला अगदी मान्य. इथपर्यंत मी तुमच्या बाजूने.

पण रोखीची दुसरी बाजू आमच्याकडे दर ऊसहंगामात दिसते. बीडकडून तोडीला येणारं जोडपं मुकादमाकडून उचल घेतं, रोख. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात, त्यामुळे तिची मजुरी वेगळी अशी नसतेच. हंगामभर किती टन तोडले, उचलीतली किती फिटली, हे मुकादमाच्या वहीत. हंगाम संपताना "उचल अजून बाकी फिरतेय, पुढच्या वर्षी या" असं ऐकावं लागलं तर दाखवायला त्यांच्याकडे कागदाचा चिटोरा नसतो. उलटही होतं. इथले ट्रॅक्टरवाले वाहतूकदार टोळीसाठी मुकादमाला लाखांनी रोख देतात, टोळी येतच नाही, आणि मग पोलीस ठाण्यात "कशावरून दिले?" या प्रश्नाला उत्तर नसतं. नोंद नसणं ज्याच्या हातात वही आहे त्याच्या फायद्याचं असतं. या लोकांना मी एकच सांगते, थोडे का होईना पण खात्यावर घ्या, खात्यावर द्या.

आता अडवण्याबद्दल. तुमची ही भीती मात्र पोकळ नाही. ऑनलाइन फसवणूक झालेला माणूस १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करतो, मग त्याचे पैसे ज्या ज्या खात्यांतून पुढे गेले त्या खात्यांवर होल्ड येतो. फसवलेल्यांचे पैसे वाचावेत म्हणूनच ही सोय आहे आणि त्यात अनेकांचे वाचतातही. पण त्या साखळीच्या टोकाला कोणीतरी वडापाव खाऊन क्यूआरवर पैसे टाकलेले असतात. आमच्या एका भाजी व्यापाऱ्याचं खातं असंच गोठलं. परराज्यातल्या कुठल्यातरी ठाण्याची तक्रार, वादातली रक्कम अडीच हजारांच्या आत, आणि अडकलं सगळं खातं. त्याच आठवड्यात शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे पैसे, द्यायच्या होत्या. तो माझ्यासमोर उभा राहून विचारत होता, "माझं चुकलं काय?" आणि आमच्या हातात त्या ठाण्याचा ईमेल देण्यापलीकडे काही नव्हतं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं होतं की अशा वेळी वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवावा, सगळं खातं अडवू नये. काऊंटरवर दिसतं ते वेगळंच. त्या व्यापाऱ्याने क्यूआर काढला नाही, त्याला तो परवडणारच नाही. त्याने गिऱ्हाइकाचे पैसे यायला वेगळं खातं उघडलं आणि रोज संध्याकाळी त्यातली रक्कम दुसऱ्या बँकेत वळती करतो.

आणि यूपीआय नसतं तरी बँकेतला पैसा अडत नाही असं समजू नका. सप्टेंबर २०१९ मध्ये पीएमसी बँकेवर निर्बंध आले तेव्हा खातेदारांना सहा महिन्यांत एक हजार रुपये काढायची मुभा होती. मर्यादा पुढे टप्प्याटप्प्याने वाढली, पण लोकांची लग्नं, ऑपरेशनं थांबली ती थांबलीच. मार्च २०२० मध्ये येस बँकेवर पन्नास हजारांची मर्यादा आली आणि फोनपे तिच्यावर अवलंबून असल्यामुळे ज्यांचं येस बँकेत खातंही नव्हतं त्यांचे व्यवहार अडकले. फेब्रुवारी २०२५ मध्ये न्यू इंडिया को-ऑपरेटिव्ह बँकेच्या दारात पुन्हा तेच. मी स्वतः सहकारी बँकेत नोकरी करते, तरी सांगते: खात्यावर दिसणारा आकडा म्हणजे बँकेने तुम्हाला देणं असलेली रक्कम. नोट हे थेट रिझर्व्ह बँकेचं देणं. एका बँकेत एका माणसाच्या ठेवींना विमा पाच लाखांपर्यंत, तोही २०२० पासून. त्याआधी लाखावरच होता.

सरकारला दिसतं का? दिसतं, मागितलं तर नक्की दिसतं. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकाच्या व्यापारी कर खात्याने यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या, मागच्या काही वर्षांच्या एकदम. ज्या मालावर करच नाही असा माल विकणारे भाजीवालेही त्यात आले. बंगळुरात चहा-बेकरीवाल्यांनी क्यूआर उतरवून "फक्त रोख" अशा पाट्या लावल्या, मग सरकार नरमलं. सर्वोच्च न्यायालयात पुट्टस्वामी खटल्यात २०१७ साली गोपनीयता हा मूलभूत हक्क ठरला, २०२३ मध्ये विदासंरक्षणाचा, म्हणजे लोकांचा डेटा जपण्याचा, कायदाही झाला, पण त्यातल्या सतराव्या कलमाने केंद्राला आपल्या यंत्रणांना सूट देता येते. कायद्याच्या भरवशावर निर्धास्त राहा असं मी तरी म्हणणार नाही.

मला सरकारपेक्षा ॲपवाल्या कंपन्या जास्त खुपतात. तुम्ही औषधं कुठल्या दुकानातून घेता, महिन्याच्या कितव्या तारखेला तुमचे पैसे संपतात, कोणाकडून हातउसने घेता, हे दोन-तीन कंपन्यांना ठाऊक आहे, आणि बरोबर त्याच तारखेला "झटपट कर्ज"ची जाहिरात येते. कुठल्याही एका ॲपकडे एकूण व्यवहारांच्या ३० टक्क्यांहून जास्त वाटा नसावा असं यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२० मध्येच ठरवलं. अंमलबजावणीची मुदत ढकलत ढकलत २०२६ च्या अखेरीवर आणलीय.

पण पैशावरच्या ताब्याबद्दल खरी काळजी करायची तर ती यूपीआयची नको, अटी घातलेल्या पैशाची करा. ऑगस्ट २०२१ मध्ये आलेलं ई-रुपी हे व्हाउचर ज्या कामासाठी दिलं त्याच कामाला चालतं, लसीचं असेल तर लसच. डिसेंबर २०२२ पासून रिझर्व्ह बँक किरकोळ वापरासाठी ई-रुपयाची, म्हणजे डिजिटल रूपातल्या रुपयाची, चाचणी घेतेय (नावं इतकी सारखी ठेवायची काय गरज होती कोण जाणे), आणि कोणत्या कामासाठी, कधीपर्यंत वापरायचा हे आधीच ठरवून दिलेल्या पैशाचे प्रयोगही त्यात आहेत. अनुदान खतावरच खर्च व्हावं, हे ऐकायला कोणालाही पटेल. पण लाडक्या बहिणीच्या दीड हजारांवर "फक्त किराणा" असं लिहून आलं, तर मुलीला वह्या घ्यायच्या की तांदूळ, हे तिच्याऐवजी दुसराच कोणीतरी ठरवणार. सध्या तसं काही नाही. झालं तर मी तुमच्या बाजूने ओरडेन.

रोख लगेच बंद होईल असंही मला वाटत नाही. नोटाबंदीच्या वेळी चलनात सुमारे १८ लाख कोटी होते, मार्च २०२४ पर्यंत ते जवळपास ३५ लाख कोटींवर गेले. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये एकाच महिन्यात यूपीआयचे २,००० कोटी व्यवहार झाले. दोन्ही एकदम वाढताहेत, लोक दोन्ही वापरताहेत.

शिवाय सगळं रोखीत केलं की अदृश्य झालो, असं होत नाही. एका दिवसात एका माणसाकडून दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर तेवढाच दंड. वीस हजार किंवा त्याहून जास्त हातउसने रोखीने घ्यायचे-फेडायचे नाहीत. बचत खात्यात वर्षात दहा लाख रोख भरली की आमच्याकडून आयकर खात्याला कळवलं जातंच, त्यात आमची मर्जी चालत नाही.

तेव्हा ॲप काढू नका. पगार, घरभाडं, कर्ज, भिशी, मजुरी, ज्याचा पुढे वाद होऊ शकतो ते सगळं खात्यावरून करा. क्यूआरसाठी वेगळं, कमी शिल्लक असलेलं खातं जोडा. किरकोळ खर्चाला यूपीआय लाइट वापरा: हजारापर्यंतचा व्यवहार होतो, ॲपमधल्या त्याच्या पाकिटात पाच हजारांपर्यंत राहतात, आणि पासबुकात फक्त पाकिटात टाकलेली रक्कम उमटते, चहा-बिडी उमटत नाही. ॲपला ते दिसतं, पण पासबुक चाळणाऱ्या सासऱ्याला दिसत नाही. घरातल्या प्रत्येक बाईचं खातं तिच्या नंबरवर आहे ना, हे आधी बघा. तुम्हाला सरकारने डोकावलेलं आवडत नाही, मग तुमच्या घरात कोणाच्या खात्याचा मेसेज कोणाला जातो तेही तपासा.

आणि घरात रोख ठेवाच. दोन-तीन आठवड्यांचा खर्च भागेल एवढी पुरे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पुराने सांगलीत वीज गेली, रेंज गेली, एटीएम बंद पडले, तेव्हा चालली ती नोट. तीही पाचशेची नव्हे, कारण सुट्टे कोणाकडेच नव्हते. म्हणून शंभर, पन्नास, वीसच्या नोटा ठेवा. पाणी ओसरल्यावर लोक चिखलाच्या लगद्यासारखी बंडलं घेऊन आले होते. आम्ही ती वर्तमानपत्रावर पसरून पंख्याखाली एकेक सोडवत बसलो. पन्नास आणि वरच्या नोटेचा ८० टक्क्यांहून मोठा अखंड तुकडा असेल तर पूर्ण पैसे मिळतात, ४० ते ८० टक्के असेल तर निम्मे, त्याखाली शून्य. प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून वरच्या फळीवर ठेवा. जागा घरातल्या आणखी एका माणसाला माहीत असू द्या. कोणाला सांगायची ते तुमचं तुम्ही ठरवा.